आठ वाजताची रांग

चेंबूर ते लोकमान्य टिळक टर्मिनस हे अंतर हार्बर लाइनवर फक्त एका स्टेशनाचं आहे. टिळकनगरला उतरायचं आणि चालत निघायचं. मत्स्यगंधा तिथूनच सुटते, नेत्रावतीही तिथूनच. पण गणपतीत त्या गाडीत बसायचं असेल, तर साठ दिवस आधी सकाळी आठ वाजता फोन हातात घेऊन तयार राहावं लागतं. (१ नोव्हेंबर २०२४च्या आधी हा आकडा एकशेवीस दिवसांचा होता.) सहकारनगर, सुभाषनगर, टिळकनगर, घाटला, कुठल्याही चाकरमान्याच्या घरी विचारा, त्या सकाळची कामाची वाटणी ठरलेली असते. एकजण वायफायवर, एकजण मोबाइल डेटावर, पुण्यातला भाचा लॅपटॉपवर. प्रवाशांची यादी आधीच भरून ठेवलेली. यूपीआयचा पिन तोंडपाठ. आठ वाजून शून्य सेकंदांनी बटण दाबलं जातं आणि स्क्रीनवर एक गोल फिरायला लागतो. तो थांबतो तेव्हा वेटिंग लिस्टचा तीन आकडी नंबर आलेला असतो.

तो गोल फिरत असताना पलीकडे नेमकं काय ठरत असतं, आणि ते कोणी ठरवलेलं असतं, याबद्दल हे लिहितोय.

आमच्या धंद्यातल्या माणसाला हा प्रश्न विचारला की तो लगेच डेटाबेसवर घसरतो. "अहो, त्यांनी अमुक वापरायला हवं होतं, ते स्केल होतं." चेंबूरच्याच व्हीईएसआयटीमधल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलाला विचारलंत तरी तो दोन-चार नावं सांगेल, आणि ती चुकीची नसतील. पण स्केल होतं म्हणजे काय होतं, हे जरा सावकाश बघायला हवं.

आरक्षणाच्या साइटवर येणारा माणूस दोनच प्रकारची कामं करतो. एक, विचारतो: जागा आहे का? दोन, सांगतो: ही जागा माझ्या नावावर लिही. पहिल्या कामाला कितीही गर्दी आली तरी इलाज आहे. खातेवहीच्या दहा झेरॉक्स काढून दहा जणांना वाचायला द्यायच्या, झालं. त्यात झेरॉक्स दोन सेकंद जुनी असली तर फार काही बिघडत नाही. दुसऱ्या कामाला झेरॉक्स चालत नाही. एस-४ डब्यातला २३ नंबरचा बर्थ एकच आहे, आणि दोन वह्यांत दोन माणसांची नावं त्यावर चढली, तर कणकवलीपर्यंत भांडण आहे. म्हणून लिहिण्याच्या क्षणी त्या एका ओळीला कुलूप लागतं. एकजण आत जातो, बाकीचे बाहेर थांबतात. तुमच्या स्क्रीनवरच्या त्या गोलात बाकी बऱ्याच गोष्टी असतात, पण हे बाहेर थांबणंही असतं.

गंमत म्हणजे हे कुलूप आमच्या शास्त्राने रेल्वेकडूनच उचललंय. एकेरी मार्गावर पूर्वी ड्रायव्हरच्या हातात टोकन असल्याशिवाय गाडी पुढच्या टप्प्यात शिरत नसे. टोकन एकच, त्यामुळे टप्प्यात गाडीही एकच. प्रोग्रामिंगमध्ये अशा व्यवस्थेला सेमाफोर म्हणतात, आणि डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने ते नाव रेल्वेच्या सिग्नलवरूनच घेतलं होतं.

आता आकडे बघा. एप्रिल २०१४मध्ये आयआरसीटीसीची नवी तिकीट-प्रणाली आली, तेव्हा मिनिटाला दोन हजार तिकिटांची क्षमता ७,२०० वर गेली असं सांगितलं गेलं. २२ मे २०२५ला सकाळी दहाच्या एका मिनिटात ३१,८१४ तिकिटं निघाली, तो विक्रम ठरला. आता मिनिटाला दीड लाखाचं लक्ष्य ठेवून आरक्षणाची यंत्रणा नव्याने बांधायला घेतली आहे. इंजिनियर म्हणून या आकड्यांपुढे टोपी काढायलाच हवी. ज्यांना हे सोपं वाटतं त्यांनी एकदा स्वतःच्या लॅपटॉपवर एकाच ओळीवर हजार जणांना एकदम लिहायला लावून बघावं.

हे साधलं कसं, याची मागची गोष्टही मोठी आहे. संगणक येण्याआधी वही स्टेशनात असायची. जिथे वही तिथेच खरं. परतीचं आरक्षण हवं असेल तर त्या गावच्या स्टेशनाला तार जायची आणि उत्तराची वाट बघायची. १९८५मध्ये दिल्लीत संगणकावर आरक्षण सुरू झालं, मग मुंबई, कोलकाता, चेन्नई, सिकंदराबाद अशी केंद्रं झाली, पण बराच काळ प्रत्येकाचं विश्व वेगळं होतं. १९९९मध्ये ती एकमेकांना जोडली गेली आणि मुंबईतल्या खिडकीवरून कुठूनही कुठलंही तिकीट काढता येऊ लागलं. २००२मध्ये ते घरातल्या संगणकावर आलं. खरं काय ते एका जागी ठेवायचं आणि विचारायला मात्र सगळ्या देशाला मोकळीक द्यायची, हा तो प्रवास आहे.

याच सुमारास अमेरिकेत एरिक ब्रूअर यांनी एक गोष्ट मांडली. साल २०००. दोन वर्षांनी गिल्बर्ट आणि लिंच यांनी तिची गणिती सिद्धता दिली. साध्या शब्दांत: माहिती अनेक यंत्रांवर पसरलेली असेल आणि त्यांच्यातला संपर्क तुटला, तर सगळीकडे एकसारखं उत्तर आणि प्रत्येकाला उत्तर, या दोहोंपैकी एकच मिळेल. दोन्ही नाही. पुढे डॅनिअल अबादी यांनी त्यात भर घातली, की संपर्क शाबूत असतानाही ही देवघेव सुटत नाही. एकसारखेपणा हवा असेल तर थांबावं लागतं, थांबायचं नसेल तर थोडंफार शिळं उत्तर घ्यावं लागतं.

डेटाबेस निवडणं म्हणजे या देवघेवीत आपण कुठे उभे आहोत ते ठरवणं. कंपन्यांच्या मीटिंगांमध्ये ही चर्चा वेग, खर्च आणि सध्या बाजारात कशाची चलती आहे या अंगानेच होते. मला वाटतं विचारायचा पहिला प्रश्न वेगळा आहे: उत्तर चुकलं तर त्याचा भुर्दंड कोणावर पडणार?

अ‍ॅमेझॉनचं उदाहरण घ्या. २००७मध्ये त्यांच्या इंजिनियरांनी डायनॅमो या स्वतःच्या डेटाबेसवर निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी ठरवलं होतं, की गिऱ्हाईक टोपलीत वस्तू टाकत असेल तर काहीही झालं तरी नाही म्हणायचं नाही. त्याची किंमत अशी, की कधीकधी टोपलीतून काढलेली वस्तू पुन्हा उगवते. हे त्यांनी उघड लिहिलंय. दुकानदाराच्या बाजूने बघितलं तर निवड शहाणपणाची आहे, कारण चूक झाली तर काय होणार, गिऱ्हाईक ती वस्तू पुन्हा काढून टाकेल. रीलला पडलेल्या लाइकचंही तसंच. तुम्हाला ४१२ दिसले आणि मैत्रिणीला ४०९, तर कोणाचं काय गेलं? तिथे कुलूप लावून लाखो लोकांना ताटकळत ठेवणं हा मूर्खपणा.

त्याच वर्षी पॅट हेलंड या डेटाबेसच्या क्षेत्रातल्या जुन्या जाणत्या माणसाने लिहिलं, की मोठ्या यंत्रणेकडे असतात त्या आठवणी, अंदाज आणि माफी. जे माहीत आहे त्यावरून अंदाज बांधायचा, अंदाज चुकला की माफी मागायची. धंदे असेच चालतात, हे त्याचं म्हणणं पटण्यासारखं आहे. विमान कंपन्या जागांपेक्षा जास्त तिकिटं विकतात आणि मग कोणाला तरी पैसे देऊन मागे ठेवतात. पण यात एक गृहीत आहे: माफी मागणाऱ्याकडे द्यायला काहीतरी आहे, आणि ज्याची माफी मागायची त्याच्याकडे ते घेऊन दुसरी सोय करायला वेळ आहे. चतुर्थीच्या आदल्या रात्री फलाटावर दोन पोरं, मखराचं सामान आणि म्हातारी आई घेऊन उभ्या असलेल्या माणसाची कसली माफी मागणार? त्याला गेल्या वर्षीच्या दराने तिकिटाचे पैसे परत दिले काय आणि दुप्पट दिले काय. म्हणून बर्थच्या बाबतीत सावकाश पण खरं उत्तर देणारी यंत्रणाच नैतिकदृष्ट्या बरोबर, असं माझं मत आहे, आणि रेल्वेने ते पहिल्यापासून पाळलंय.

पण सावकाशपणाचाही भुर्दंड असतो. पैसे कापले गेले आणि तिकीट आलं नाही, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की त्यावर विनोद होतात. यात बहुतेक वेळा कोणाची लबाडी नसते. बँकेची वही वेगळी, रेल्वेची वही वेगळी, आणि दोन्ही वह्यांत एकाच क्षणी लिहिणं हे या शास्त्रातलं जुनं अवघड दुखणं आहे. बँकेने लिहिलं, रेल्वेच्या कुलपापाशी पोचेपर्यंत बर्थ संपले. पैसे परत येतात, काही दिवसांनी. मधले दिवस ते कोणाच्या खिशातून गेलेले असतात? प्रवाशाच्या. दोन यंत्रणांमधली अनिश्चितता कुठेतरी ठेवावी लागते, आणि ती सगळ्यात कमकुवत माणसाच्या खात्यात ठेवणं सगळ्यात सोपं जातं. पगार झालेल्याला चार हजार आठवडाभर अडकले तर वैताग येतो. रोजंदारीवरच्या माणसाला त्या आठवड्यात दुसरं तिकीट काढताच येत नाही. आर्किटेक्चरच्या आकृतीत हा माणूस कुठेच नसतो. तिथे फक्त एक बाण असतो आणि बाणावर लिहिलेलं असतं 'रिट्राय'.

याउलट अनिश्चितता वाटून घेण्याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरणही रेल्वेचंच आहे, आणि ते संगणकाच्या कल्पनेतून आलेलं नाही. आरएसी. साइड लोअरचा एक बर्थ, त्यावर दोन माणसं बसलेली. यंत्रणा तुम्हाला सांगते: पूर्ण बर्थ मिळेल का ते आत्ता सांगता येत नाही, पण गाडीत चढा, बसायला नक्की मिळेल, कोणी रद्द केलं तर पाय पसरा. अंदाज आहे, पण खोटं नाही, आणि माफी आधीच मागून ठेवली आहे. त्या बर्थवर पनवेलपर्यंत अनोळखी असलेली दोन माणसं चिपळूणपर्यंत एकमेकांच्या डब्यातलं खात असतात. (नसतातही. काही जण रात्रभर कोपराने ढोसतात.) ज्याने कोणी हे पहिल्यांदा सुचवलं, त्याला सॉफ्टवेअर डिझाइनच्या वर्गात शिकवायला बोलवायला हवं.

इथपर्यंतचा वाद खरं की लवकर, असा होता. आता जरा अडचणीच्या जागी येऊ. समजा मिनिटाला दीड लाख तिकिटांची यंत्रणा उद्या चालू झाली, एक सेकंदही गोल फिरत नाही. गणपतीच्या गाडीतले बर्थ किती वाढले? एकही नाही. आधी जे काही मिनिटांत संपत होते ते आता काही सेकंदांत संपतील. डेटाबेस दहा यंत्रांवर वाटता येतो. कोकण रेल्वेचा मार्ग साधारण ७४० किलोमीटरचा, त्यात रोहा ते वीर एवढा तुकडा २०२१मध्ये दुहेरी झाला, बाकी बहुतेक एकेरी. समोरची गाडी क्रॉस होईपर्यंत तुमची गाडी थांबणार. ते कुलूप कुठल्याही सॉफ्टवेअरने उघडत नाही. २०२५च्या गणपतीत रेल्वेने विशेष गाड्यांच्या ३८० फेऱ्या जाहीर केल्या, तोवरचा सर्वाधिक आकडा, आणि तरी जागा पुरल्या नाहीत.

मग वेग वाढल्याने बदलतं काय? बदलतं एवढंच, की पहिला कोण हे आणखी बारीक तराजूत मोजलं जातं. खिडकीवरच्या रांगेत पहिलं येण्याची किंमत झोप होती. रात्री अडीचला उठून चादर टाकून बसायचं. त्यात दादागिरी होती, दलाल होते, बायकांना ते जमणं कठीण होतं, हे सगळं मान्य. पण झोप गरीबाकडेही असते. मिलिसेकंद नसतात. ते फायबरचं कनेक्शन असलेल्याकडे असतात, आणि त्याहून जास्त स्क्रिप्ट लिहिणाऱ्याकडे. रेल्वे मंत्रालयानेच २०२५मध्ये सांगितलं, की तिकिटं खुली झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत येणाऱ्या रहदारीत निम्म्यापर्यंत वाटा बॉटचा होता, आणि अडीच कोटी संशयास्पद खाती बंद केली गेली. मग १ जुलै २०२५पासून ऑनलाइन तत्काळसाठी आधार-पडताळणी आली, पहिली तीस मिनिटं एजंटांना बंदी आली. ऑक्टोबरपासून साध्या आरक्षणाच्याही पहिल्या पंधरा मिनिटांना आधार लागू झालं. म्हणजे आधी रुंद दरवाजा बांधायचा, मग त्यातून कोण शिरतंय ते बघायला पहारेकरी ठेवायचे.

कोविडच्या लशीच्या वेळी हेच जास्त भीषणपणे दिसलं होतं. २८ एप्रिल २०२१ला अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाची नोंदणी खुली झाली आणि पहिल्याच दिवशी एक कोटीहून जास्त लोकांनी नाव नोंदवलं. यंत्रणा सुरुवातीला अडखळली, मग तगली. तांत्रिकदृष्ट्या ती स्केल झाली. पण लशी तेवढ्याच होत्या, आणि मुंबईतली स्मार्टफोनवाली मंडळी स्लॉट मिळाला म्हणून गाड्या काढून जिल्ह्यातल्या ग्रामीण केंद्रांवर पोचत होती, जिथल्या लोकांना स्लॉट कसा धरायचा हेच माहीत नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मेच्या आदेशात या डिजिटल दरीवर सरकारला प्रश्न विचारले. ज्या इंजिनियरांनी ती साइट बांधली त्यांनी काही चूक केली असं मी म्हणणार नाही. त्यांना 'जो आधी येईल त्याला आधी' हा नियम मिळाला आणि त्यांनी तो चोख राबवला.

माझा मुद्दा त्या नियमापाशी आहे. तो आपल्याला इतका स्वाभाविक वाटतो की तो नियम आहे हेच आपण विसरतो. आठ वाजताच का? कारण आरक्षणाची खिडकी सकाळी आठला उघडते. तिथे शटर आहे, बाबू आहे, त्याची ड्युटी आहे. सर्व्हरला शटर नाही. तरी सगळ्या देशाने एकाच सेकंदाला येऊन धडकायचं, आणि त्या धडकेसाठी मग मिनिटाला दीड लाखाची यंत्रणा उभारायची. म्हणजे 'जास्त ट्रॅफिकची साइट' ही अडचण काही अंशी आपणच, एका न तपासलेल्या नियमाने, तयार केलेली आहे.

दुसरे नियम आपल्या आजूबाजूलाच आहेत. टिळकनगर ही म्हाडाची वसाहत, तिथल्या माणसाला लॉटरी समजावून सांगायची गरज नाही. २०२४च्या मुंबईच्या सोडतीत २,०३० घरं होती आणि एक लाखाहून जास्त अर्ज. अर्जासाठी भरपूर दिवस दिले होते. पहिल्या दिवशी सकाळी भरलेल्या अर्जाला आणि आठवड्याने रात्री भरलेल्या अर्जाला किंमत सारखीच. त्यामुळे तिथे वेगाने पळण्यात कोणाला स्वारस्य नाही, बॉटचा उपयोग नाही, आणि साधासा डेटाबेसही पुरतो, कारण अर्ज फक्त एकाखाली एक लिहून ठेवायचे असतात. कुलूप लागतं ते सोडतीच्या दिवशी, एकदाच. अमेरिकेत एच-वन-बीच्या नोंदणीचंही तसंच, ठरलेले काही दिवस आणि मग सोडत. निम्म्या चेंबूरचे नातेवाईक त्या सोडतीकडे डोळे लावून बसतात. तिथेही लबाडी झाली, एकाच माणसासाठी अनेक कंपन्यांतून अर्ज येऊ लागले, म्हणून २०२४पासून अर्जाऐवजी माणूस मोजायला सुरुवात झाली. लबाडी संपत नाही, पण तिचं स्वरूप बदलतं आणि ती पकडायला आठवडे मिळतात.

गणपतीच्या गाड्यांसाठी तीन दिवस अर्ज घेऊन सोडत काढली तर? कुटुंबाचा अर्ज एकत्र, बर्थ एकत्र. तत्काळमध्येसुद्धा दहा ते सव्वादहा विनंत्या गोळा करून दहा वाजून सोळा मिनिटांनी सोडत काढता येईल. गावाला मयत झालंय म्हणून निघालेल्याला त्यात प्राधान्य मिळणार नाही, हा दोष आहे. आजही मिळत नाही.

हे मी चार-पाच जणांकडे बोलून बघितलं तेव्हा इंजिनियर मित्रांना लगेच आवडलं आणि टिळकनगरच्या एका काकांना अजिबात नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "अरे, आठ वाजता मी बसतो, धडपडतो, कधी मिळतं कधी नाही. पण मिळालं तर मी मिळवलं. तुझ्या चिठ्ठीत माझं काय?" त्यांना मी म्हटलं, की तुमची धडपड त्या बॉटशी आहे आणि तो दरवेळी जिंकतो. ते म्हणाले, "दरवेळी नाही. गेल्या वर्षी मिळालं होतं." यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. हातात काही नसण्यापेक्षा हातात काहीतरी आहे असं वाटणं, ते खरं नसलं तरी, माणसाला हवं असतं. आणि ते वाटणं किती खरं आहे हे बाहेरून मला कसं कळणार?

तरी एक गोष्ट मला त्या फिरणाऱ्या गोलात कायम खुपते. तो काहीच सांगत नाही. तुमच्या पुढे किती आहेत, किती बर्थ उरलेत, थांबण्यात अर्थ आहे का, काही नाही. हे सांगणं अशक्य नाही. आभासी रांगेत तुमचा नंबर दाखवणाऱ्या साइट आहेत, मोठ्या मैफलींची तिकिटं विकताना त्या वापरल्या जातात. त्याला निराळा भव्य डेटाबेसही लागत नाही, फक्त कोणीतरी ते महत्त्वाचं मानावं लागतं. गणपतीच्या आधीच्या दोन-तीन रात्री टिळक टर्मिनसवर जाऊन बघा. ज्यांना आठ वाजता काहीच मिळालं नाही, त्यांची बिनआरक्षित डब्यांसाठी फलाटावर रांग लागलेली असते. वर्तमानपत्रं पसरलेली, पोरं झोपलेली, शेजारच्याला सामान बघायला सांगून कोणी पाणी आणायला गेलेलं. पुढे किती माणसं आहेत हे तिथल्या प्रत्येकाला मान वर करून मोजता येतं, आणि डबा भरणार असं वाटलं तर मध्यरात्री रांग सोडून पनवेलहून एसटी धरायची की नाही, हे ज्याचं त्याला ठरवता येतं.